लेझर मार्किंग एकाच कोपऱ्यात फिकट येतंय? पॉवर वाढवण्याआधी हे बघा

"मालक, मागचा उजवा परत फिकाच मारायलाय."

गेल्या पावसाळ्यात शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये हे वाक्य मी दर आठ-दहा दिवसांनी ऐकत होतो. दुरुस्त करायचं, काही दिवस सुरळीत चालायचं, की परत तेच. ज्यांच्याकडे गॅल्व्हो हेडचं, म्हणजे फिरत्या आरशांनी बीम वळवणारं, फायबर लेझर मार्किंग मशीन आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हा त्रास कधी ना कधी होतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर एकच औषध चालतं: पॉवर वाढवा. आम्हीही तेच केलं. त्यात जॉब वाया गेले, लेन्सची काच खराब झाली आणि खरं कारण दोन महिने तसंच राहिलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी मशीन आणि काम. ३० वॅटचा फायबर लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, १६० मिमी फोकल लेंग्थची एफ-थीटा लेन्स, फील्ड म्हणजे मार्किंगची जागा ११० बाय ११० मिमी. जॉब म्हणजे पंपाची छोटी बिडाची कव्हरं. फाउंड्रीतून शॉट ब्लास्ट होऊन, म्हणजे स्टीलच्या बारीक दाण्यांच्या (शॉटच्या) माऱ्यानं साफ होऊन येतात, एका तोंडाला मशिनिंग झालेलं असतं, त्या तोंडावर ८ मिमीचा डेटा मॅट्रिक्स कोड (क्यूआरसारखा चौकोनी कोड) आणि खाली हीट नंबर, म्हणजे ओतकामाच्या घाण्याचा नंबर, मारायचा. जॉब धरून ठेवणाऱ्या एका फिक्स्चरमध्ये चार जॉब, फील्डच्या चार कोपऱ्यांत. चारपैकी मागच्या उजव्या जॉबचा कोड गिऱ्हाइकाच्या स्कॅनरवर वाचला जात नव्हता. बाकीचे तीन व्यवस्थित.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा ऑपरेटरनं पॉवर ६० टक्क्यांवरून ७० केली. कोड वाचला गेला. पुढच्या वेळी ८० केली आणि स्पीड कमी केला. आता मागचा उजवा कसाबसा वाचला जायचा, पण पुढचे दोन करपायला लागले. डेटा मॅट्रिक्समधले काळे चौकोन फुगून शेजारच्या पांढऱ्यात शिरले की स्कॅनरला त्यांतला फरक कळत नाही. म्हणजे एक कोपरा वाचवायला दोन कोपरे घालवले. शिवाय जास्त पॉवरनं धूर जास्त, आणि तो धूर वर जाऊन लेन्सखालच्या संरक्षक काचेवरच बसतो.

तिसऱ्या वेळी लेन्स साफ केली. आणि खरंच, सगळं झकास चालू झालं! आम्ही खूश. लेन्सच घाण होती, असं ठरवून टाकलं. आठवड्यानं परत फिकं. परत लेन्स साफ, परत चांगलं. असं तीनदा झालं. लेन्स साफ केली की बरं होतं म्हणजे दोष लेन्सचाच, हा तर्क कुणालाही पटेल. मलाही पटला होता. पण तो चुकीचा होता, आणि का चुकीचा होता हे पुढे येईलच.

फिकटपणा म्हणजे नेमकं काय होतं

हे थोडं समजून घेतलंत तर पुढची तपासणी डोक्यात पक्की बसेल.

गॅल्व्हो हेडमध्ये दोन छोटे आरसे असतात, एक एक्ससाठी, एक वायसाठी. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट कोनात बीम वळतो. वळलेला बीम साध्या लेन्समधून सोडला तर दोन अडचणी येतात. एक, त्याचा फोकस सपाट पृष्ठभागावर पडत नाही, वाटीसारख्या वक्र पृष्ठभागावर पडतो. मध्य जमला तर कडा सुटतात. दुसरी, कोन आणि अंतर यांचं प्रमाण सरळ राहत नाही. साध्या लेन्समध्ये अंतर कोनाच्या टॅन्जंटवर चालतं. १६० च्या लेन्समध्ये २० अंशाला ते ५८.२ मिमी येईल, तर सरळ प्रमाणानं ५५.९ मिमी यायला हवं. सव्वादोन मिमीहून जास्त फरक. एफ-थीटा लेन्स अशी घडवलेली असते की अंतर थेट फोकल लेंग्थ गुणिले कोन एवढंच येतं, आणि फोकस जवळजवळ सपाट पडतो. दोन आरसे एकाच जागी बसवता येत नसल्यामुळे थोडा वेडेवाकडेपणा उरतोच, तो सॉफ्टवेअरमधली करेक्शन फाइल काढते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: करेक्शन फाइल रेषेची जागा सुधारते, फोकस सुधारत नाही. फिकटपणासाठी करेक्शन फाइलशी खेळत बसलात तर दिवस जाईल आणि चांगली फाइल बिघडेल ती वेगळीच.

आता फोकसची खोली. आमच्या मशीनमध्ये लेन्सवर पडणारा बीम साधारण ७ मिमीचा आहे आणि बीमची गुणवत्ता, म्हणजे एम-स्क्वेअर, १.५ धरली तर १६० च्या लेन्सखाली ठिपका सुमारे ४६ मायक्रॉनचा होतो. त्या ठिपक्यापासून वर किंवा खाली साधारण १ मिमी गेलात की ठिपक्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे ठिपक्याच्या मध्यावरची तीव्रता निम्मी. फक्त १ मिमी! त्याच बीमवर २५४ ची लेन्स लावली तर ठिपका ७४ मायक्रॉनचा होतो, पण हीच मोकळीक सुमारे २.७ मिमीची मिळते. ज्यांनी बारीक मार्किंगसाठी २५४ काढून १६० बसवली त्यांना अचानक त्रास का सुरू होतो, त्याचं उत्तर इथे आहे. मशीन तेच, टेबल तेच, फिक्स्चर तेच. आधी माफ होणारी चूक आता माफ होत नाही.

नऊ चौकोनांची तपासणी

हाच या लेखाचा गाभा. फील्डमध्ये तीन बाय तीन असे नऊ चौकोन काढा, प्रत्येक ५ मिमीचा, आत हॅच, म्हणजे जवळजवळच्या रेषा, भरलेला. काळी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची सपाट प्लेट घ्या. पॉवर मुद्दाम कमी करा, इतकी की फोकसवर असतानाच जेमतेम खूण उमटेल. हे महत्त्वाचं आहे. नेहमीच्या पॉवरवर सगळेच चौकोन उमटतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. मग हेड वर-खाली करणारा झेड कॉलम अर्ध्या मिमीच्या पायरीनं ३ मिमी वरपासून ३ मिमी खालपर्यंत न्या, आणि प्रत्येक उंचीला सगळे चौकोन थोडे बाजूला सरकवून मारा, म्हणजे एकाच प्लेटवर सगळी उंची मिळते. प्रत्येक जागी सर्वांत स्वच्छ चौकोन कोणत्या उंचीला आला ते कागदावर नऊ घरांत लिहा.

फोकस जमल्याची खूण कानालाही कळते. बाहेर असताना आवाज मऊ, दबलेला येतो. जमला की कडक, टोकदार होतो आणि ठिणगी पिवळट असते ती पांढरी-निळसर दिसायला लागते. पण चष्मा घालून. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि तो थेट डोळ्यातल्या पडद्यावर गोळा होतो. त्याच तरंगलांबीचा छापील आकडा असलेलाच चष्मा वापरा. काळा गॉगल किंवा वेल्डिंगची काच चालत नाही.

त्या नऊ आकड्यांत कारण लपलेलं असतं. आकडे डावीकडून उजवीकडे किंवा पुढून मागे सरळ वाढत गेले तर काहीतरी कललेलं आहे: टेबल, फिक्स्चर किंवा हेड. मध्य एक सांगतो आणि चारही कोपरे सारखाच दुसरा आकडा सांगतात, तर लेन्सचा किंवा चुकीच्या जुळणीचा प्रश्न. नऊही आकडे सारखे, तरीही एक बाजू फिकी, तर फोकस ठीक आहे आणि बीमच कुठेतरी कापला जातोय. सकाळचे आकडे आणि तीन तास मशीन चालल्यानंतरचे आकडे वेगळे, तर काहीतरी तापतंय.

आमच्याकडे काय सापडलं

पहिली तपासणी मी फिक्स्चर काढून, नुसत्या टेबलवर प्लेट ठेवून केली. नऊही आकडे एकमेकांच्या जवळपास. म्हणजे टेबल आणि लेन्स समांतर. स्पिरिट लेव्हल लावायची गरजही पडली नाही, आणि तिचा उपयोगही नसतो: टेबल जमिनीशी समपातळीत असणं महत्त्वाचं नाही, लेन्सशी समांतर असणं महत्त्वाचं.

पण एक दोष इथेच निघाला. सगळेच आकडे लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या उंचीपेक्षा साधारण ०.७ मिमीनं वेगळे होते. बऱ्याच मशीनवर फोकस लावायला दोन लाल पॉइंटर असतात, ते दोन ठिपके एकमेकांवर आले की फोकस जमला असं मानायचं. ते एका ठराविक लेन्ससाठी एकदा बसवलेले असतात. आम्ही लेन्स बदलली तेव्हा ते अंदाजानं परत बसवले होते. लेन्सच्या कडेवर छापलेल्या १६० या आकड्यानं पट्टी लावून उंची ठरवणंही बरोबर नाही, कारण लेन्सच्या खालच्या कडेपासून जॉबपर्यंतचं अंतर फोकल लेंग्थपेक्षा वेगळं असतं. खरी उंची चौकोनांवरूनच काढायची.

०.७ मिमीनं ठिपक्याच्या मध्यावरची तीव्रता सुमारे ७० टक्के उरते. ते चालून जात होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

मग फिक्स्चर ठेवलं, त्याच्या टेकूंवर प्लेट ठेवली आणि परत नऊ चौकोन. आता मागच्या उजव्या कोपऱ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.६ मिमीनं वेगळा. डायल गेज लावून उंची बघितली, तेवढाच फरक. म्हणजे तिथे जॉब ०.६ मिमी उंच, आणि मुळात सगळंच ०.७ उंच. बेरीज १.३ मिमी. तेवढ्या उंचीला तीव्रता सुमारे ४० टक्के राहते. कोपरा फिका का, हे गणितानंच सांगितलं.

फिक्स्चर उचललं. खाली, मागच्या उजव्या कडेला, शॉट ब्लास्टिंगचा एक दाणा. ०.८ मिमीचा, चकचकीत, मोहरीपेक्षाही लहान. फिक्स्चरच्या ॲल्युमिनियमच्या बुडावर त्याच जागी गोल खळगे पडले होते, एक नाही, सात-आठ. इतक्या वेळा तो किंवा त्याचे भाऊबंद तिथे येऊन बसले होते.

कव्हरच्या बोल्टच्या भोकांत आणि आतल्या कोपऱ्यांत शॉट अडकून येतात. ऑपरेटरचा कच्चा ट्रे उजवीकडे मागे असतो, जॉब तिथून उचलून आणताना दाणे त्याच बाजूला पडतात. बॅच बदलताना फिक्स्चर उतरवून परत चढवलं की एखादा दाणा खाली जातो.

आणि आता लेन्सची गोष्ट. लेन्स साफ करायची तर हात नीट पोचावा म्हणून आमचा पोरगा प्रत्येक वेळी फिक्स्चर उतरवून ठेवायचा. साफ झाली की परत चढवायचा. दाणा त्या उचला-ठेवीत निघून जायचा. बरं व्हायचं ते फिक्स्चर उचलल्यामुळे, श्रेय मिळायचं लेन्सच्या साफसफाईला. त्या काळात मी नवीन लेन्स मागवायच्या बेतात होतो.

एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गिऱ्हाइकानं एकदा सांगितलं होतं की त्या जॉबवर कोड जरा आत सरकलेला दिसतो. आपल्या लेन्समध्ये मध्यावर बीम सरळ खाली येतो, पण कोपऱ्याकडे तो बाहेरच्या बाजूला तिरका येतो. त्यामुळे जॉब उंच झाला की खूण मध्याकडे सरकते, खाली गेला की बाहेर सरकते. २० अंशांच्या आसपासच्या तिरपेपणाला १.३ मिमी उंचीचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा मिमी सरक. फिकटपणा आणि सरक एकाच जागी, एकाच वेळी दिसली तर उंचीचाच संशय धरा. टेलिसेंट्रिक लेन्समध्ये बीम सगळीकडे जवळजवळ सरळच उतरतो, तिथे ही सरक होत नाही. पण तशा लेन्सचा व्यास फील्डपेक्षा मोठा लागतो, त्यामुळे किंमत आमच्यासारख्या कामाला परवडण्याजोगी नसते.

काय बदललं

फिक्स्चरचं सपाट बूड टेबलवर टेकवणं बंद केलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून हार्डन केलेली तीन बटणं करून आणली, १० मिमी व्यासाची, आणि बुडाला बसवली. तीन टेकू कधीच डुगडुगत नाहीत, आणि दाणा अडकायला जागाच तीन बटणांएवढी राहते. बटणांच्या जागा टेबलवर रंगानं आखल्या. फिक्स्चर ठेवण्याआधी त्या तीन जागांवरून चुंबक फिरवायचा. शॉट स्टीलचे असतात, लगेच चिकटतात. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही: ती दाणे उडवून दुसरीकडे टाकते, आणि तिच्यातलं तेल-पाणी थेट लेन्सवर जातं.

लाल पॉइंटर चौकोनांनी काढलेल्या खऱ्या उंचीवर परत बसवले, स्क्रूवर रंगाची खूण केली. पॉवर परत ६० टक्क्यांवर आणली. आणि कच्चा ट्रे टेबलपासून दूर, खालच्या स्टँडवर गेला.

तुमचं कारण वेगळं असेल तर

चारही कोपरे सारखेच फिके असतील तर आधी लेन्सवरचा आकडा आणि सॉफ्टवेअरमधलं फील्ड जुळतंय का बघा. ११० मिमी फील्डच्या लेन्सला १५० मिमीचं फील्ड देऊन काम करणारे मी पाहिलेत; कडेला बीम लेन्सच्या चौकटीला घासतो आणि चौकटही तापते. लेन्स योग्य आणि फील्डही योग्य, तरी कोपरे फिके, तर फोकस मध्यावर न लावता मध्य आणि कोपरा यांच्या मधल्या उंचीला लावा. थोडी तडजोड होते, पण काम एकसारखं दिसतं.

नऊ आकडे सारखे पण एक बाजू फिकी, तर बीम हेडच्या तोंडात मधोमध शिरत नाहीये. लेन्स काढून तोंडावर थर्मल पेपर लावा, अगदी कमी पॉवरचा एक झटका द्या आणि डाग गोल आहे की कापलेला ते बघा. लाल पॉइंटरचा प्रकाश मधोमध दिसतो म्हणून लेझरही मधोमध आहे असं धरू नका. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकत्र झालेले असू शकतात. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. लेन्स काढल्यावर खाली येणारा बीम फोकस न झालेला असला तरी तो डोळा घालवू शकतो.

सकाळी चांगलं आणि दुपारी सगळंच फिकं, तर संरक्षक काच बघा. घाण काच प्रकाश शोषते, मध्ये तापते, आणि तापलेला मध्यभाग स्वतःच लेन्ससारखा वागायला लागतो. फोकस वर सरकतो. हातात टॉर्च घेऊन तिरक्या प्रकाशात बघा, धूर बसलेला तेलकट वर्तुळासारखा दिसतो. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, एकाच दिशेनं एकदा ओढा, तो टिश्यू टाकून द्या. गोल घासू नका, शर्टाचा पदर लावू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की एसीच्या थंड खोलीतून बाहेर काढलेल्या काचेवर लगेच दव धरतं. ती कोरडी झाल्याशिवाय लेझर सुरू करू नका.

हुपरीहून एक चांदीवाले याच तक्रारीनं आले होते. अंगठीच्या बाहेरच्या बाजूला नाव मारायचं, मध्यातली अक्षरं ठसठशीत, दोन टोकांची फिकी. तिथे मशीनमध्ये काहीच चूक नव्हती. २० मिमी व्यासाच्या अंगठीवर मध्यापासून ६ मिमी बाजूला गेलात की पृष्ठभाग २ मिमी खाली गेलेला असतो. १६० च्या लेन्सची मोकळीक १ मिमी. त्यांना अंगठी फिरवत मार्किंग करणारी रोटरी लावायला सांगितली.

तीन महिने झाले, रोज सकाळी शिफ्ट सुरू करताना फील्डएवढ्या मोठ्या जुन्या छापील कार्डावर नऊ चौकोन मारले जातात आणि ते कार्ड तारखेसह मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवलं जातं. फरक दिसला तर मागची कार्डं काढून कधीपासून दिसतोय ते कळतं. तुमच्याकडे अडलं तर विचारा, पण विचारताना तीन गोष्टी नक्की द्या: लेन्सवरचा आकडा, नऊ चौकोनांचा फोटो, आणि मागच्या वेळी दुरुस्त झालं तेव्हा दुरुस्तीसोबत आणखी काय काय हलवलं, उचललं किंवा परत बसवलं होतं.